लोहारकाम : पायरी चौतीस

१२ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे लोक विचारतील, एर्गश, तू महालोहार झालास कसा? तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.

तर झालं असं. आमच्या गुरुवारच्या बैठकीतले सातही जण सध्या फोनवर 'पोलादी शिखर' खेळतात. मिनीबस चालवणारा पोलात टोळीचा म्होरक्या. शाळेतही हाच मॉनिटर होता, सवय गेलेली नाही. त्याने फर्मान काढलं की प्रत्येकाने एक धंदा निवडायचा. कोणी तिरंदाज झालं, कोणी वैद्य, कोणी चेटक्या. मी लोहारकाम घेतलं. मला विचारायची गरजच नव्हती. चुस्त गावात, सुरीवाल्यांच्या गल्लीत आमची भट्टी सात पिढ्यांची आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला.

लोहारकामाच्या एकूण शंभर पायऱ्या. शंभरावीला महालोहार, डोक्यावर मुकुट. मी सध्या पहिलीवर. दोन आठवडे धरतो.

आणखी एकाने लोहारकाम घेतलं. नेमतने. नेमत दातांचा डॉक्टर. बालमित्र, माणूस चांगला, पण जन्मात घण उचललेला नाही. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, चहा नाकात गेला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बैठक पोलातकडे. पलोव, म्हणजे आमचा पुलाव, बरा होता, गाजर कमी. ठरलं असं: २० नोव्हेंबरला उत्तरेच्या गडाला वेढा. त्या दिवशी ज्याची पायरी वर, तो टोळीचा मुख्य लोहार. टोळीची तलवार तोच घडवणार आणि पात्यावर त्याचं नाव येणार.

घरी येऊन बाबांना सांगितलं की तुमचा मुलगा मुख्य लोहार होतोय. बाबा एक्याऐंशीचे, पण अजून सकाळी दोन तास ऐरणीपाशी असतात. म्हणाले, हो का, बरं झालं पोरा, मग उद्या जरा कोळसा आणून टाक.

पोरा. माझं वय सेहेचाळीस.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

हे एकदाच लिहून ठेवतो. बाजारात मला सगळे उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणतात. पण आमच्याकडे रीत अशी की गुरूने चार वडीलधाऱ्यांसमोर हात पसरून फातिहा, म्हणजे दुआ, द्यायचा, कमरेला शेला बांधायचा, मगच माणूस खरा उस्ता. माझा शेला तयार आहे. आईने जायच्या आदल्या वर्षी स्वतः कशिदा काढला, डाळिंबाची फुलं. पेटीत आहे. बांधायचा तेवढा राहिलाय. पंचवीस वर्षं राहिलाय. बाबांना सवड मिळाली नसावी.

हे मी बशोरतला बोलून दाखवलं. बायको म्हणून तिने मान हलवायला हवी होती. ती म्हणाली, अहो, सवड कसली, त्या शंभर सुऱ्या तेव्हाच पुऱ्या केल्या असत्यात तर कधीच बांधला असता.

शंभर सुऱ्यांच्या भानगडीत मी इथे शिरत नाही.

बेत असा: महालोहाराचा मुकुट मिळवायचा आणि फोन बाबांच्या नाकासमोर धरायचा. मग शेला बांधल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

माझी पायरी ४. नेमत ११.

खेळात खोट आहे. आमच्याकडे पात्याला पाणी देतात ते पिकल्या चेरीच्या रंगावर. खेळ म्हणतो, नारिंगी दिसलं की द्या. मी चेरीची वाट बघितली. खेळ म्हणाला, थंड झाली, तुटली. अशा अकरा तलवारी तुटल्या. पण तत्त्व सोडलं नाही.

शिवाय काम सुरू करण्याआधी मी हजरत दावूदचं नाव घेतो. लोहारांचे पीर ते, त्यांचं नाव न घेता हातोडा उचलायचा नाही हे माझ्या अंगात भिनलंय. नाव घेऊन होईपर्यंत खेळातली भट्टी विझते. नेमत नाव घेत नाही, म्हणून पुढे आहे. मिळवू दे त्याला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी तीन

लोखंडाचा रंग पारखायला अंधार लागतो, म्हणून तर बाबांच्या भट्टीला एकच झरोका आहे. मी खोलीच्या खिडक्यांना चटया लावल्या आणि डोक्यावरून गोधडी घेतली. रंग आता अगदी स्वच्छ दिसतो. घामाने बोट स्क्रीनवरून घसरतं एवढंच.

शेजारीण ताक घेऊन आली होती. तिने बशोरतला विचारलं, यांना ताप आलाय का? बशोरत म्हणाली, ताप नाही गं, तलवार आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दोन आठवडे झाले. पायरी ९. नेमत २६.

त्या खेळात एक म्हातारा लोहार आहे, गोरम नावाचा. त्याच्याकडे काम दाखवायला गेलं की एकच वाक्य: हात अजून कच्चा आहे, पोरा. मी आज त्याला फोनवरच चार शब्द सुनावले. बशोरतने दारातून विचारलं की कोणाशी भांडताय. सांगितलं, एका सहकाऱ्याशी.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बैठक नेमतकडे. त्याने गुपित फोडलं. तो काय करतो, तर फक्त लोखंडी खंजीर. साधे. दिवसाला चाळीस. पेशंटला सुई दिली की भूल चढेपर्यंत दोन खंजीर, अवजारं वाफेवर निर्जंतुक करायला लावली की तीन. दर खंजिराला पायरीचा एक बारीकसा तुकडा मिळतो.

मी स्पष्ट बोललो. म्हटलं, याला कारागिरी म्हणत नाहीत, याला शेवया वळणं म्हणतात. आम्ही घडवली तर तलवारच घडवतो. सोनाराचे शंभर, लोहाराचा एक.

नेमत हसला आणि म्हणाला, अरे बाबा, मला एवढंच येतं, म्हणून एवढंच करतो.

असला नम्रपणा मला मुळीच पटत नाही. त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. घर मात्र फार नीटनेटकं ठेवतो, तेही मला पटलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. स्वातंत्र्यदिन, गावभर झेंडे. दिवसभर खेळलो. काळ्या पोलादाची महातलवार घडवायचा प्रयत्न सहा वेळा केला. त्याला पायरी ६० लागते म्हणे. मी सात पिढ्यांच्या हिमतीवर गेलो. साठवलेलं सगळं लोखंड गेलं. पोलातकडे उसनं लोखंड मागितलं, तो म्हणाला, एर्गश, तू लोहार आहेस की भंगारवाला?

मी मनावर घेतलं नाही. दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाही, बस.

खऱ्या दुकानाबद्दलही लिहायला हवं, नाहीतर वाटेल दुर्लक्ष आहे. दुर्लक्ष नाही. पाती आता ताश्कंदहून तयार येतात, डझनावारी. मी मुठी बसवतो आणि आजोबांचा चंद्रकोरीचा ठसा मारतो. काळाप्रमाणे चालावं लागतं. बाबा ती पाती हातात घेत नाहीत. काळाप्रमाणे चालणं सगळ्यांना जमत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

बाबांचे दात. खालची कवळी नवी करायची आहे. गावात दातांचे डॉक्टर चार, पण बाबा म्हणाले नेमतकडेच जाणार. मीच मिनीबसमध्ये बसवून दिलं. पोलातने भाडं घेतलं नाही, म्हणजे त्याला पश्चात्ताप झाला असावा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बाबा चार दिवस झाले रोज जातात. कवळी टोचते, नेमत घासतो, पुन्हा लावतो, पुन्हा घासतो. मी म्हटलं, एवढे दिवस लागतात म्हणजे हात कच्चा आहे. बाबा म्हणाले, सव्वीस वेळा घासली त्याने. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मधल्या वेळात फोनवर कसलेसे खंजीर करत बसतो, तेही एकामागे एक, न बोलता. मी बघत बसतो. छान वाटतं.

मी माझा फोन पुढे केला, म्हटलं बाबा, मीही लोहारकामच करतो, बघा. बाबांनी बघितलं. नेमकी तेव्हाच तलवार तुटली. म्हणाले, पोरा, तू थांबतोस कशाला, त्याची वेळ झाली होती ना?

मी गोधडीत गेलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

माझी पायरी १९. नेमत ६१. बैठकीत सगळे त्याला उस्ता नेमत म्हणायला लागलेत. थट्टेने, पण म्हणतात. कानामागून आला आणि तिखट झाला.

मला मत्सर वाटतो असं बशोरतचं म्हणणं. मला मत्सर वाटत नाही. मला फक्त त्याचा फोन नळाखाली पडावा असं वाटतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

मोठी बातमी. कवळी बसली. बाबांनी त्यावर सफरचंद खाऊन दाखवलं. आणि नेमतने बाबांना विचारलं की उस्ता, खरं लोखंड कसं असतं ते एकदा दाखवाल का, मी खोटेच खंजीर करतोय. बाबा म्हणाले, उद्यापासून ये, संध्याकाळी, दवाखाना झाल्यावर.

आधी दोन पियाले चहा प्यायलो. मग डोकं चालवलं. नेमत संध्याकाळी भट्टीत, म्हणजे संध्याकाळी खेळात नाही. चाळीस खंजिरांतले पंचवीस तो संध्याकाळी करतो. तिकडे तो भात्याशी घाम गाळणार, इकडे मी मोकळ्या मैदानात पुढे जाणार. आपल्या पायाने विहिरीत उतरतोय माणूस.

त्याला फोन करून भरपूर उत्तेजन दिलं. माझं कातडी एप्रन आणि माझा हातोडा देऊ केला. तो गहिवरला. म्हणाला, एर्गश, तुझं मन मोठं आहे. मी म्हटलं, अरे, वापरात नव्हतंच.

२७ सप्टेंबर, शनिवार

नेमतची पहिली सुरी बघितली. सुरी कमी, बूट घालायचा चमचा जास्त. फार आनंद झाला. त्याला सांगितलं, उत्तम, सोडू नकोस.

माझी पायरी २३.

२ ऑक्टोबर, गुरुवार

बैठकीत पोलातने विचारलं की नेमत खेळात दिसत नाही. नेमत म्हणाला, सवड नाही रे, उस्तांनी शंभर सुऱ्या सांगितल्यात.

मी चहा ओतत होतो. पियाला भरून वाहिला.

बरं, आता लिहितोच. बाबांची अट अशी: फळं कापायची छोटी सुरी, एकच माप, एकच वजन, अशा शंभर. लागेल तेवढा वेळ घ्या. पण या काळात गुरूला 'माझा शेला कधी' हे विचारायचं नाही. विचारलं की मोजणी पुन्हा एकपासून. एकविसाव्या वर्षी मी सुरुवात केली. सातव्या सुरीला सहज म्हणून विचारलं. पुन्हा एकपासून. पुन्हा सातव्याला विचारलं. तिसऱ्या वेळी तर चौथ्यालाच. मग खांदा दुखायला लागला. उजवा. अजून दुखतो, विशेषतः कोणी शंभर म्हटलं की.

नेमतने शेला मागितलेला नाही, त्याला शेल्याचं माहीतही नसावं. तो डॉक्टर आहे. त्याला काय करायचाय शेला. तेव्हा काळजीचं कारण नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

खेळात पायरी २७. नेमत ६१ वर अडकलेला. हिशोब केला: या गतीने मी त्याला पुढच्या मे महिन्यात गाठतो. वेढा नोव्हेंबरात. गती वाढवायला हवी.

निश्चय: मीही लोखंडी खंजीर करणार. रोज चाळीस. तत्त्व वेगळं, डावपेच वेगळे.

१२ ऑक्टोबर, रविवार

खंजीर चार केले. पाचव्याला कंटाळा आला. चाळीस वेळा तेच करणारा माणूस आतून बधिर असला पाहिजे, दातवाल्यांचा भुलीशी रोजचा संबंध.

१५ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळ

अंगणात सहज फेरी मारली. भट्टीच्या भिंतीपाशी बशोरतने डाळिंबं ठेवली आहेत, ती कुजली तर नाहीत हे कोणीतरी बघायला हवं. तिथून आतलं आपोआप दिसतं.

बाबा नेमतला हसत होते. म्हणजे त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर. मग त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली, बुखाऱ्याच्या व्यापाऱ्याने सुरी वाकवून दाखव म्हटलं आणि आजोबांनी व्यापाऱ्यालाच वाकवलं, ती. ही गोष्ट बाबांनी मला कधी सांगितली नाही. आईकडून कळली होती. मग बाबांनी स्वतःच्या पियाल्यातला अर्धा चहा त्याच्या पियाल्यात ओतला.

डाळिंबं बरी आहेत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

जळतो मी. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. लोखंड तापलं की निदान लाल तरी दिसतं, मी तर बाहेरून तसाच दिसतो आणि लोकांना माझ्या तब्येतीचं कौतुक वाटतं. बैठकीत नेमतने हातावरचे फोड दाखवले आणि सगळ्यांनी ते पाळीपाळीने बघितले. माझ्या हातावर एकेकाळी याहून मोठे फोड होते. त्या वेळी कोणाकडे कॅमेऱ्याचा फोन नव्हता.

मी विचारलं, किती झाल्या रे? वाटलं दहा-बारा म्हणेल. म्हणाला, एकतीस, पण त्यातल्या अकरा उस्तांनी मोडून परत भट्टीत घातल्या, म्हणजे वीस.

मी म्हटलं, अरे वा. बायकोला नंतर म्हणालो, अकरा मोडल्या. ती म्हणाली, आणि वीस राहिल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

बैठकीला गेलो नाही. खांदा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

खेळात पायरी ३१. ही माझी आजवरची सर्वोच्च पायरी. गोरम म्हणाला, हात अजून कच्चा आहे, पोरा.

बाबांना बातमी दिली. ते नेमतची सुरी काट्यावर तोलत होते. म्हणाले, छान, जरा तो दिवा इकडे धर. मी दिवा धरला. मग नेमतला म्हणाले, बघ, दोन गहू जड आहे. नेमत हो म्हणाला आणि कानस घेतली. मी मधे बोलून गेलो की बाबा, दोन गव्हांनी फळाला काय कळतंय? कानस चालूच राहिली. दिवा मात्र मी अर्धा तास धरला.

सुरी वाईट नव्हती. हे मी दिव्याच्या उजेडात म्हणतोय, सूर्यप्रकाशात दोष दिसले असते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

थंडी. लाईट दिवसातून तीनदा जाते. फोन चार्ज होत नाही, पायरी ३१ वरच. भट्टीला लाईट लागत नाही. निसर्गसुद्धा नेमतच्या बाजूने आहे.

दुकानात गिऱ्हाईक आलं, नमनगानचं. ताश्कंदची पाती उलटीसुलटी केली. मग कोपऱ्यात नेमतची एक मोडायची सुरी पडली होती ती उचलली आणि म्हणाला, ही तुमच्या वडिलांच्या, उस्ता होलमतच्या हातची दिसते, हिचं काय? मी सांगितलं, विकाऊ नाही. तो बराच वेळ ती सोडेना.

बाबांना ही गोष्ट सांगितली नाही. नेमतला तर नाहीच नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विजय.

नेमतने पोलातला कळवलं की तो खेळ सोडतोय, फोनमधून काढूनच टाकला, मुख्य लोहार एर्गशला करा, तोच खरा लोहार. शब्द जसेच्या तसे लिहितो: तोच खरा लोहार. सगळ्या ग्रुपवर.

एकदम हलकं वाटलं. नेमतबद्दल मी इथे जे काही लिहिलंय ते घाईत लिहिलंय. माणूस मुळात समंजस. लाईट आली, पायरी ३४ केली.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी नऊ

घाईत लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

बाबांनी न्याहारीला बोलावलं. म्हणाले, पोरा, पेटीतला शेला काढ, इस्त्री करून ठेव. उद्या बैठक आपल्याकडे. इमामसाहेबांना आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांनाही सांगितलंय.

पंचवीस वर्षं. तर बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. मुकुटाचीसुद्धा गरज पडली नाही, चौतिसाव्या पायरीवरच काम झालं.

त्याच दिवशी, दुपार

शेला काढला. रंग जराही उतरलेला नाही. इस्त्री मी स्वतः केली, बशोरतला हात लावू दिला नाही. कमरेला लावून बघितला. एक वेढा पुरा होत नाही, आईने एकवीस वर्षांच्या कमरेचं माप घेतलं होतं. श्वास आत घेतला की बसतो. उद्या श्वास आत घ्यायचा.

बशोरत मघापासून घुटमळत होती. शेवटी म्हणाली, अहो, बाबांना एकदा विचारून तरी घ्या, शेला कशासाठी ते. मी म्हटलं, वेडे, न विचारणं हीच तर अट आहे. इतकी वर्षं चुकलो, आता शेवटच्या दिवशी चुकू? ती तांदूळ निवडायला गेली.

मी जिभेला कुलूप लावलंय. संध्याकाळी बाबा तीनदा समोरून गेले, मी तिन्ही वेळा हवेबद्दल बोललो.

भाषण तयार केलं. सुरुवात: मी या मानाला पात्र नाही. इथे थांबायचं, लोक नाही नाही म्हणतील. मग पुढे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कालचं.

दाढी केली. नवा अंगरखा. पलोव मीच केला, गाजर भरपूर. सगळे आले. आधी वेढा उरकून घेतला. पोलातने जाहीर केलं, मुख्य लोहार एर्गश. टाळ्या. चौतिसाव्या पायरीला साधीच लोखंडी तलवार करता येते, ती मी केली. पहिल्याच घावाला मोडली. वेढा चार मिनिटं चालला. पण पात्यावर नाव माझं होतं, मोडलेल्या अर्ध्यावर 'एर्' आणि उरलेल्यावर 'गश'.

जेवणं झाली. बाबांनी हाक मारली, पोरा, शेला आण. मी दोन्ही हातांवर आडवा घेऊन आलो, श्वास आत. बाबांसमोर उभा राहिलो. त्यांनी शेला उचलला. म्हणाले, जरा बाजूला हो.

मागे नेमत उभा होता. माझं एप्रन घातलेलं. त्याच्यापुढे तख्तावर सुऱ्या मांडलेल्या होत्या, दहाच्या दहा रांगा. मला वाटलं होतं त्या फळांसाठी आहेत.

बाबा सगळ्यांना म्हणाले, या माणसाला मी छप्पन्न दिवस बघितलं. एकशे अडुसष्ट केल्या, अडुसष्ट मी मोडल्या. एकदाही विचारलं नाही की अजून किती. हा दात करेल की सुऱ्या करेल ते त्याचं तो बघेल, पण हा उस्ता आहे.

नेमतचं तोंड पांढरं पडलं. तो म्हणाला, उस्ता, मला हे ठाऊक नव्हतं, हा शेला एर्गशचा आहे, त्याच्या आईने केलाय, मी कसा घेऊ. बाबा म्हणाले, शेला कमरेसाठी करतात. पेटीला कंबर नसते.

मग सगळ्यांनी हात पसरले. मीही पसरले. बाबांनी फातिहा दिला. आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले, माझे जरा जास्त वेळ तोंडावर राहिले. शेला नेमतला एका वेढ्यात बसला. गाठीशिवाय वीतभर उरला.

भाषण खिशात होतं. पहिलं वाक्य खरं निघालं, पुढचं लागलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नेमत आला होता. शेला कागदात गुंडाळून. म्हणाला, ठेवून घे, मी कोणाला सांगणार नाही. मी घेतला. दारापर्यंत गेला तो. मग मी त्याला हाक मारून परत दिला. का ते कळत नाही. आईचा कशिदा पुन्हा पेटीत जाईल म्हणून असेल. का दिला याचा दिवसभर पश्चात्ताप होतोय.

एप्रन मात्र ठेवून घेतलं. धुऊन आणलं होतं.

बाबांना म्हणालो, माझं काय? ते म्हणाले, कोळसा आहे, लोखंड आहे, ऐरण कुठे गेलेली नाही. मी बशोरतला विचारलं, नव्या शेल्यावर कशिदा काढशील का? ती म्हणाली, काढीन की, नव्व्याण्णव झाल्या की सांगा, आधी उगाच रेशीम वाया नको.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खेळ फोनमधून काढला. काढण्यापूर्वी गोरमला शेवटचं भेटलो. तेच म्हणाला.

सुरी क्रमांक एक. बूट घालायचा चमचा.

३० नोव्हेंबर, रविवार

सुरी क्रमांक सहा. दोन मोडल्या धरून आठ. फोड आले. पोलातला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

नेमत संध्याकाळी येतो, भाता मारतो. मी सांगितलं नव्हतं. त्याला बघून अजून पोटात जळतं, पण भाता बरा मारतो.

४ डिसेंबर, गुरुवार

सुरी क्रमांक नऊ. सातच्या पुढे मी आयुष्यात पहिल्यांदाच गेलो. खांदा ठणठणीत. बाबांनी नववी तोलली, उलटसुलट केली, बाजूला ठेवली, मोडली नाही. म्हणजे आवडली.

मी काहीही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणालो की, दिवसाला एक धरली तरी मार्चमध्ये नवरोजच्या सुमारास होतील, तेव्हा हवाही छान असते, पाहुणे बोलवायला अंगण बरं पडतं, नाही का? हे विचारणं नव्हे. ही हवेबद्दलची माहिती आहे.

बाबांनी हातोडा खाली ठेवला. नेमतने भाता थांबवला.

५ डिसेंबर, शुक्रवार

सुरी क्रमांक एक.